ओला स्पंज, कोरडी मतं

आमच्या प्रभागाच्या निवडणुकीत मतमोजणी सहायक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा माझ्याकडून तीन सह्या घेऊन मला तीन वस्तू देण्यात आल्या: एक ओळखपत्र, रबरबँडांची एक पुडी आणि पाण्याच्या वाटीत बसवलेला एक स्पंज. स्पंजावर बोट टेकवायचं, बोट ओलं झालं की मतपत्रिका मोजायच्या, अशी कार्यपद्धती होती. रसायनशास्त्राची पदवी असल्यामुळे मला हे जमेल, असं कार्यालयाला वाटलं.

हे काम मला मावशीने घ्यायला लावलं. तिचं शिलाईचं दुकान तळमजल्यावर आहे आणि आम्ही दोघी त्याच्या वर राहतो. दुकानाच्या पायरीला लागून गटाराचं चेंबर आहे. त्याचं झाकण अकरा महिन्यांपूर्वी फुटलं. तेव्हापासून दुकानात यायचं तर एका फळीवरून यावं लागतं, त्यामुळे ज्यांना तोल सांभाळता येतो तेवढीच गिऱ्हाइकं उरली आहेत. नवीन झाकण तयार आहे. नगरपालिकेच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यावर खडूने आमच्या गल्लीचा नंबरही घातला आहे. ते बसवायला फक्त नगरसेवकाची सही लागते, आणि मावळत्या नगरसेवकांना अकरा महिन्यांत पेन सापडलं नव्हतं.

"मोजणीपाशी आपलं माणूस असलेलं बरं," मावशी म्हणाली. "निकाल लागला की तिथल्या तिथे सही घे. घरी नंतर ये."

"तू मत कुणाला दिलंस?"

"ते गुप्त असतं. पण शिक्का कसा मारला ते सांगते. बरोब्बर मध्ये. आणि वाळेपर्यंत फुंकर घातली. मागचा माणूस ओरडायला लागला, 'आजी, आत काय पत्र लिहिताय का?' मी म्हटलं, ओल्या शाईची घडी घातली की डाग पलीकडे उमटतो बाबा. तीस वर्षं कापडात काढलीत मी." तिने दोरा दातांनी तोडला. "तू गेली होतीस ना गं?"

"दुपारी जाऊन आले," मी म्हणाले.

उमेदवार दोनच होते, बेकरीवाले आणि वकीलबाई. दोघांनीही आमच्या चेंबरच्या काठावर उभं राहून फोटो काढून घेतले होते आणि पहिली सही झाकणावरच करीन, असं मावशीला सांगितलं होतं. मावळते नगरसेवक या वेळी उभे नव्हते. आता विश्रांती हवी, असं ते म्हणाले होते. कशापासून, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्या मोजणीत बेकरीवाल्यांना १२०९ मतं पडली, वकीलबाईंना १२०६, आणि ८१ बाद झाली. वकीलबाईंनी फेरमोजणी मागितली. तीत वकीलबाईंना ११६४, बेकरीवाल्यांना ११६० आणि बाद १७२. बेकरीवाल्यांनी फेरमोजणी मागितली. तिसऱ्या मोजणीत बेकरीवाले पुन्हा चारने पुढे आले आणि बाद मतं २५८ झाली.

कोण पुढे आहे हे सगळे पाहत होते. मी बाद मतांचा रकाना पाहत होते, कारण प्रयोगशाळेत आम्हाला सांडलेलंही मोजायला शिकवलं होतं.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. भांडारपालाने काटकसर म्हणून शिक्क्याच्या शाईत पाणी घातलं होतं. ओलं बोट लागलं की शिक्का पसरायचा. पसरून शेजारच्या चौकोनाला टेकला की नियमाप्रमाणे मत बाद. जो पुढे असेल त्याच्या मतपत्रिका विरोधी बाजू जास्त निरखायची. जास्त निरखल्या की जास्त बोटं लागायची, आणि जास्त बोटं लागली की आघाडी जायची. मी आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले. रेघ सुरेख आली. दर अठरा फेरमोजण्यांनी मतं निम्मी होणार होती. किरणोत्सारी पदार्थ असाच क्षय पावतो, फक्त त्याला प्रतिनिधी नसतात.

मी कागद घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे गेले. ते सज्जन गृहस्थ होते. प्रत्येक सहीनंतर पेनला टोपण लावायचे.

"साहेब, आपण मोजतोय म्हणून मतं कमी होताहेत."

"मोजायचं थांबवता येत नाही. अर्ज आलेले आहेत."

"थांबवू नका. फक्त कोरड्या बोटांनी मोजू या."

त्यांनी साहित्याची यादी काढली. "ओला स्पंज, अनुक्रमांक पाच. पहिली मोजणी ओल्या बोटांनी झाली. फेरमोजणी कोरड्या बोटांनी केली तर पद्धत बदलते, आणि पद्धत बदलली की निकाल अवैध."

"पण अशाने एक दिवस एकही मत उरणार नाही!"

"कधी?"

"साधारण दोनशे पाच फेरमोजण्यांनंतर."

त्यांनी टोपण काढून आकडा लिहून घेतला आणि टोपण लावलं. "म्हणजे आज नाही," ते म्हणाले. "तुमचा कागद दप्तरी ठेवतो. छान काढलाय."

दिवसाला दोन अशा फेरमोजण्या सुरू झाल्या. सभागृहाला 'तात्पुरता कायम मतमोजणी कक्ष' असं नाव मिळालं. स्पंज झिजले म्हणून नवे मागवण्यात आले, आणि ते जास्त पाणी धरणारे निघाले. सुधारणा म्हणून त्याची नोंद झाली. सकाळी बेकरीवाल्यांच्या विजयाचे फटाके वाजायचे, दुपारी वकीलबाईंच्या. गुलाल, हार, ढोल दोघांनी मिळून एकाच माणसाकडून ठरवले, म्हणजे त्याला दोनदा यावं लागू नये.

मावळते नगरसेवक रोज यायचे आणि मागच्या बाकावर शेंगदाणे खात बसायचे. नवीन सदस्य येईपर्यंत त्यांचा पदभार सुटत नव्हता. मी त्यांच्यापुढे झाकणाचा अर्ज धरला.

"बाळ, निकालाआधी मी सही केली तर लोक म्हणतील, मावळत्याने घाई केली," ते म्हणाले आणि मला शेंगदाणे देऊ केले.

चौथ्या महिन्यात फळी मोडली. मावशीचा पाय चेंबरमध्ये गेला आणि घोटा मोडला. प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून ती डाव्या पायाने मशीन चालवायला शिकली.

"आज किती उरली?" मी घरी गेले की ती विचारायची.

"अकरा."

"त्यात माझं असणार बघ. मी फुंकर घातली होती."

"मावशी, तसं कळत नसतं."

"तुला नसेल कळत. मला कळतं."

दोनशे पाचव्या फेरमोजणीनंतर एक मत उरलं. माझ्या आलेखाच्या दृष्टीने हा अभिमानाचा दिवस होता. मतपत्रिका मऊ, फडक्यासारखी झाली होती, पण शिक्का शाबूत होता. बरोब्बर मध्ये. कडा स्वच्छ. घडी उलटी घालून पाहिली तरी पलीकडे डाग नव्हता. वाळेपर्यंत कुणीतरी थांबलं होतं.

ते मत वकीलबाईंना होतं. वकीलबाई एका मताने निवडून आल्या होत्या, आणि बेकरीवाल्यांनी लगेच फेरमोजणी मागितली.

"मोजा," अधिकारी मला म्हणाले.

"साहेब, एकच आहे. दिसतंय की."

"दिसणं वेगळं, मोजणं वेगळं. अनुक्रमांक पाच."

मी नाही म्हणू शकले असते. पण रोजंदारी होती, ओळखपत्र गळ्यात होतं, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी वाकून बघत होते. मी स्पंजावर बोट टेकवलं. मतपत्रिकेवर ठेवलं.

"एक," मी म्हणाले.

बोट उचललं तेव्हा शिक्का शेजारच्या चौकोनात गेला होता.

आता शून्य विरुद्ध शून्य अशी स्थिती होती. समान मतं पडल्यास चिठ्ठी टाकावी, असा नियम आहे. पण शून्य म्हणजे मतंच नाहीत, तर समान कुठून, असा मुद्दा वकीलबाईंनीच काढला. तो इतका बिनतोड होता की त्यांनाही मागे घेता येईना. अधिकारी बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग त्यांनी लोखंडी कपाट उघडायला सांगितलं.

कपाटात न वापरलेल्या मतपत्रिका होत्या. छापलेल्या ८९००, वापरलेल्या २४९६, उरलेल्या ६४०४. करकरीत गठ्ठे. शिक्का लागलाच नव्हता, म्हणून पसरलाही नव्हता.

"एकही बाद नाही," अधिकारी हरखून म्हणाले. "बहात्तर टक्के! यांचं म्हणणं काय आहे?"

"काहीच नाही, साहेब. हे लोक आलेच नाहीत."

"म्हणजे त्यांची तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे आहे ते चालू राहावं. इतका स्पष्ट कौल मी नोकरीत पाहिला नाही."

आणि त्यांनी मावळत्या नगरसेवकांना ६४०४ मतांच्या आघाडीने विजयी घोषित केलं. मावळत्यांनी कागदाची पुडी झटकली, शर्टावरची सालं काढली आणि जनतेची इच्छा शिरसावंद्य मानली.

मी तिथल्या तिथे झाकणाचा अर्ज पुढे केला. या वेळी त्यांना पेन सापडलं. अर्जाच्या खाली त्यांनी लिहिलं: "सदर चेंबर मतदानाच्या दिवशी उघडे होते. बहुसंख्य मतदारांनी 'आहे ते चालू राहावे' असा कौल दिला असल्याने ते बंद करणे जनमताचा अनादर ठरेल." आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात पोस्टमन आला. चेंबर बघून तो थांबला आणि पलीकडूनच पाकीट दुकानात फेकलं. ते मावशीच्या मशीनवर पडलं. तिने कात्रीने फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'मतदानाच्या दिवशी घरीच थांबून मला प्रचंड बहुमताने निवडून दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.'" तिने पाकीट उलटं केलं. "तुझं नाव आहे."

त्या दिवशी सुट्टी होती आणि मी वर झोपले होते. एक मत म्हणजे एकूण मतांच्या एक शतांश टक्का. मोजमापातली चूकही त्याहून मोठी असते, असा हिशेब मी उशीवर डोकं ठेवूनच केला होता.

"मला नाही आलं पत्र," मावशी म्हणाली. तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि पायाखालची उशी सरळ केली. मशीन पुन्हा सुरू झालं.

मी बोट ओलं करून नगरसेवकांच्या सहीवरून फिरवलं. शाई पक्की होती.

बाहेर पोस्टमन अजून उभा होता. त्याच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या होत्या.

"इतकी पत्रं?" मी विचारलं.

"काय सांगू ताई, संपतच नाहीत. एकेका घरात चार-चार." त्याने वरचा गठ्ठा काढला आणि पत्ते चाळायला अंगठा जिभेला लावला. "एवढी मोठी निवडणूक जिंकून दिली, पण कुणालाच आठवत नाही. जो तो पाकीट फोडतो आणि म्हणतो, माझं नाही, शेजारच्यांचं असेल."

तुमचंही त्या गठ्ठ्यात होतं. मी पाहिलं. फोडा, शेजारच्यांचं नाही.