पुस्तकांसकट कपाट

शेवटी कपाट पडलं. पण ते पडलंच नाही असं धरून चालू. दुकानाचंही अधिकृत म्हणणं तेच आहे.

फर्निचरच्या त्या दुकानात पुस्तकांची कपाटं होती आणि ती ओकीबोकी दिसू नयेत म्हणून त्यांत पुस्तकं होती. सगळी पुठ्ठ्याची, आतून पोकळ. खरं एकच, रद्दीतून आणलेलं जाडजूड. वजन म्हणून खालच्या फळीवर ठेवलेलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून सेल्समननं नाइलाजानं ते उघडलं आणि कामातून गेला. दुकानात दिवसभर वाजणारी तीच ती धून त्याला ऐकू येईना. मोबाइल तर तो दुकानातच विसरून घरी गेला, आणि सकाळपर्यंत त्याला तो आठवलाही नाही.

सकाळी पुन्हा ते पुस्तक. सर्कशीचा मालक गायब होता. संशय जोकरावर. विहिरीवरचं झाकण सरकवलं, आत कंदील सोडला, आणि—

"हे कपाट द्या." समोर एक बाई.

"देतो मॅडम. पुस्तकं काढून घेतो, ती फक्त शोसाठी आहेत."

"मग आम्ही काय वाचायला नेतोय? असंच्या असं पाठवा."

"निदान हे एक तरी—"

"अजिबात नाही. त्याचा रंग आमच्या पडद्यांशी जुळतोय."

सेल्समन मॅनेजरकडे धावला. "साहेब, फिटिंगला मी जातो."

"तू? तुला खिळा ठोकता येत नाही."

"शिकतो ना, साहेब."

मॅनेजरला गहिवरून आलं.

फिटिंग झालं, एक स्क्रू मात्र सेल्समनच्या खिशात राहिला. दुसऱ्या दिवशी फोन आला, कपाट डुगडुगतंय. तो गेला, कपाटाआड बसून एक प्रकरण वाचलं, तो स्क्रू लावला आणि जाताना दुसरा काढला. मग रोज हेच. एकदा बाईंच्या सासूबाईच कपाटाआड डोकावल्या.

"काय रे, कुठवर आलास?"

तो दचकला. "विहिरीत पुन्हा कंदील सोडलाय."

"हात्तिच्या! मग अजून काहीच झालं नाही. तो जोकर आहे ना—"

"आजी, सांगू नका!"

"मग भरभर वाच बाबा. घरात बोलायला कुणी नाही. मुलाला म्हटलं, विहिरीत काय सापडलं सांगू का? तर म्हणतो, आई, व्हिडिओ असेल तर पाठव."

तेव्हापासून दुरुस्तीला दुप्पट वेळ लागू लागला. आजींचा जोकरावर विश्वास, सेल्समनचा काडीचाही नाही. एकदा तर आजींनी त्याच्याशी भांडून चहा दिला नाही.

इकडे मॅनेजर वैतागला. "एकाच कपाटाचे स्क्रू रोज कसे ढिले होतात?"

"साहेब, लाकूड श्वास घेतं."

"प्लायवूड आहे ते! आता एक जरी तक्रार आली, तर तू घरी बसायचं. उद्या शेवटचा जा."

सेल्समनला नोकरी हवी होती. पण एकच प्रकरण उरलं होतं. शेवटच्या भेटीत त्यानं मन घट्ट करून सगळे स्क्रू आवळायला घेतले, तर चार जागी स्क्रूच नव्हते. हे चार त्यानं काढले नव्हते.

"आजी?"

"तू परत यावास म्हणून," आजींनी चष्म्याच्या डबीतून स्क्रू काढले. "बसव नंतर. आधी शेवट वाचू. मीही तो तुझ्यासाठी राखून ठेवलाय."

दोघं भिंतीला टेकून बसली. डोक्याला डोकं लावून वाचत असताना ते झालं, जे झालंच नाही.

सूनबाई धावत आल्या. सगळीकडे पोकळ पुठ्ठे. "आई! कपाट पडलं!"

"थांब गं, पान संपू दे."

पान संपलं. खाली छापलं होतं : पूर्वार्ध समाप्त.

दुकानाच्या नोंदीनुसार सदर कपाट 'खालच्या पातळीवर स्थिर झालेलं' आहे. आजींचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर आहे : "सबब विनंती की, बदली कपाट उत्तरार्धासह द्यावे. फिटिंगला याच इसमास पाठवावे व उत्तरार्ध संपेपर्यंत त्यास नोकरीवरून काढू नये. नवीन कपाटाचे स्क्रू कारखान्यातूनच कमी लावून यावेत, या वयात वाकून काढणे जमत नाही. कळावे."