मधल्या गाडीनं घात केला

अंकुरच्या साक्षगंधाला निघालेल्या तिन्ही गाड्या एकमेकींशी बोलत जाणार होत्या. जानरावांचा हा मुलगा अमरावतीच्या कॉलेजात वायरलेस शिकवायचा, आणि त्यानं त्यासाठी तीन डबे बनवले होते. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की मागच्या गाडीतला डबा ‘टूं’ करायचा. बटण दाबलं की बोलताही यायचं. ना टॉवर, ना इंटरनेट.

होणारे व्याही किसनराव वाट दाखवायला अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत सामोरे आले होते. एक डबा त्यांच्या गाडीत गेला, दुसरा मधल्या, अंकुरच्या गाडीत, आणि तिसरा सगळ्यात मागे, त्याच्या आईवडिलांच्या, जानराव-रुख्मिणीबाईंच्या. किसनरावांनी लगेच बटण दाबलं. कपाशी, सोयाबीन, रस्त्याचा ठेकेदार, स्वतःचा मुतखडा; बोरगाव मंजू येईस्तोवर सगळं सांगून झालं आणि मग त्यांची गाडी सुसाट दिसेनाशी झाली.

रुख्मिणीबाईंनी पायाशी अडचण होत होती म्हणून नारळांची पिशवी उचलून डब्यावर ठेवली. बटण दबलं, ते दबलेलंच राहिलं.

“सुटलो बाप्पा,” जानराव म्हणाले. “पोरगी लाखात एक हाय, पन बाप! हा मानूस वर गेला तरी चित्रगुप्ताले बोलू देनार नाही.”

“हळू बोला जी.”

“त्याले काय ऐकू जाते? कुठच्या कुठं गेला तो.”

किसनराव लांब होते हे खरं. पण अंकुरनं डबे असे बनवले होते, की मागून आलेलं बोलणं मधला डबा इमानदारीनं पुढच्याला पोचवायचा. अंकुरनं आपलं बटण दाबून पाहिलं. एकाचं बटण दबलेलं असलं की बाकीच्यांना बोलता येत नसे, ब्रेकचं ‘टूं’ तेवढं जायचं. वडिलांचा फोन घरीच चार्जिंगला राहिलेला. तो बिचारा खुणेसाठी ब्रेकवर ब्रेक मारत सुटला.

“टूं टूं कावून करून राहिला हा?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

“अंकुर ब्रेक मारून राहिला. सासऱ्याचा मुतखडा आठवला असन त्याले.”

कार्यालयाच्या दारात अंकुरनं धावत येऊन पिशवी उचलली तेव्हा जानरावांना खालचं दबलेलं बटण दिसलं, आणि आपलं बोलणं कुठवर गेलं ते कळलं.

किसनराव हात जोडून “या” म्हणाले. एवढंच. गुरुजींनी विचारलं त्याला मानेनंच उत्तर दिलं. नातेवाईक घाबरले; कोणी लिंबूपाणी आणलं, कोणी बीपीची गोळी. नवरी मुलगी प्राजक्ता रडवेली होऊन अंकुरकडे पाहू लागली. जमलेलं लग्न आपल्या जिभेनं मोडणार, या धास्तीनं जानराव किसनरावांच्या शेजारी जाऊन बसले आणि ती शांतता सोसवेना म्हणून बोलू लागले. संत्र्याचा बगीचा झाला, विहिरीचं पाणी झालं, चिखलदऱ्याला गाडी कशी बंद पडली ते झालं, मग ती कुणी, कशी सुरू केली तेही. थांबलो तर हा माणूस काहीतरी म्हणेल, ही भीती. प्राजक्ताच्या आईनं, माणिकबाईंनी, हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

शेवटी किसनरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“व्याही, जरा दम घ्या,” ते मायेनं म्हणाले. “पोरं कवाची अंगठ्या घेऊन उभी हायेत.”