पहिल्या दिवसाची रंगीत तालीम

ज्या माणसाने रंगाचा अख्खा कारखाना तीन शिट्ट्यांत रिकामा करून दाखवलाय, त्याला एक नात वेळेवर शाळेत धाडणं म्हणजे काय हो? डाव्या हातचा मळ!

मी निवृत्त सुरक्षा अधिकारी. आग लागली तर कसं पळायचं, हे लोकांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एवढ्या काळात आग एकदाही लागली नाही, याचं श्रेय मी स्वतःकडे घेतो. कारखाना ते नशिबाला देतो. असो.

आमच्या घरात मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी दरवर्षी आग लागते. गेल्या वर्षी तर सूनबाईंनी घाईघाईत डबा स्वतःच्या लॅपटॉपच्या बॅगेत कोंबला आणि चार्जर दप्तरात. पोरगी मधल्या सुट्टीत चार्जरकडे बघत बसली आणि सूनबाईंनी भर मीटिंगमध्ये डबा उघडला! चिरंजीव टाय बांधून, इस्त्रीच्या शर्टात, घरातल्या सपाता घालून ऑफिसला पोहोचले.

म्हणून या वर्षी मी जेवताना जाहीर केलं, "रविवारी सकाळी रंगीत तालीम!"

"अहो, पोरीला शाळेत धाडायचंय की नाटक बसवायचंय?" सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता विचारलं.

आमची नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एकदम रडवेली झाली. "पण रविवारी तलावावर होडीत बसायचंय ना! सुट्टीचा शेवटचा दिवस आहे!"

तिचं बरोबर होतं. या होडीला बिचारीच्या बापाने सगळी सुट्टी 'पुढच्या रविवारी' म्हणत ढकललं होतं. आता पुढचा रविवार उरलाच नव्हता.

"तालीम चहाच्या आत संपेल," मी म्हणालो. "मग तोच डबा घेऊन तलावावर. आधी डबा, मग होडी. सुरक्षा अधिकाऱ्याचा शब्द!"

नियम दोनच. पहिला, तीन शिट्ट्या झाल्या की जो जसा असेल तसा बाहेर. का, कशाला, विचारायचं नाही. दुसरा, तालमीत सगळं खरं समजून वागायचं. भिंगरीने दोन्ही नियम पाठ केले. चिरंजीवांनी जांभई दिली.

रविवार उजाडला. माझी शिट्टी वाजली आणि काय सांगू! आंघोळी झाल्या, डबा डब्यात गेला, चार्जर बॅगेत गेला, दोन्ही मोजे एकाच रंगाचे निघाले! आम्ही पाचही जण जिना उतरलो ते वरातीसारखे. पुढे मी, शिट्टी गळ्यात. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाच्या गुंड्यांनी राजीनामा द्यायचा तेवढा बाकी होता.

फाटकापाशी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई दूध घेऊन येत होत्या. भिंगरीचा गणवेश बघून त्या जागीच थबकल्या.

"अगं बाई! शाळा आजपासून? रविवारी?"

मी खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात चिरंजीव गंभीरपणे म्हणाले, "हो ना! पहिला दिवस. घाईत आहोत!"

"अरे गाढवा, हे काय बोललास?" मी कुजबुजलो.

"बाबा, सगळं खरं समजून वागायचं. नियम दुसरा."

तोवर बाई दुधासकट जिन्यात अदृश्य झाल्या होत्या. वरून आवाज आला, "उठा रे! शाळा आजच आहे!" मग दार आपटलं. मग दुसरं. मग सगळी इमारतच वारूळ फुटावं तशी बाहेर सांडली! कुणाच्या तोंडाला पेस्ट, कुणाची एकच वेणी. एक वडील पोराऐवजी नुसतं दप्तर कडेवर घेऊन धावत आले आणि पोर आणायला परत गेले.

"अहो थांबा, ही तालीम आहे!" मी ओरडलो.

"काका, बाजूला व्हा, शिस्तीत चढू द्या!" दंतवैद्य बाई माझ्यावरच खेकसल्या. कारण कुणीतरी फोन करून शाळेच्या बसवाल्या दादांनाही उठवलं होतं, आणि ते अर्धी दाढी करून बस घेऊन हजर झाले होते.

गर्दी ओसरावी म्हणून मी सवयीने तीन शिट्ट्या मारल्या. बसवाल्याला वाटलं, निघायचा इशारा. बस सुटली. भिंगरी आत!

चिरंजीवांच्या स्कूटरवर मागे बसून मी शाळा गाठली. फाटकाला कुलूप. बस नाही. पोरं नाहीत. खांबावर एक कावळा तेवढा वेळेवर आला होता. मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

तेवढ्यात सूनबाईंचा फोन. "बाबा, बसवाल्या दादांनी कळवलंय. तलावावर या."

तलावावर सगळी इमारत गणवेशात होडीत बसली होती! डबे फस्त झाले होते. अर्धी दाढी वाऱ्यावर सोडून दादा काठावर पाय पसरून बसले होते.

"अहो, पोरांना इथे कुणी आणायला सांगितलं?" मी धापा टाकत विचारलं.

"तुम्हीच की! शाळा बंद दिसली, तर तुमची नात म्हणाली, पुढचं सगळं ठरलंय. आधी डबा, मग होडी. सुरक्षा अधिकाऱ्याचा शब्द आहे."

भिंगरीने होडीतून दोन्ही हात हलवले. होडी कलंडली नाही, पण उतरताना काठावरचा चिखल सगळ्यांनी नीट वाटून घेतला.

त्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या प्रत्येक दोरीवर ओला गणवेश लटकत होता आणि प्रत्येक गणवेशाखाली एकेक आई माझं नाव घेत होती. सूनबाई इस्त्री फिरवत शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तालीम कशासाठी असते? काय चुकतंय ते कळावं म्हणून ना? कळलं. उद्या तुम्ही झोपून राहायचं."

माझी शिट्टी खुंटीला गेली.

सोमवारी जाग आली तर घर चिडीचूप. सगळे वेळेवर गेले होते. चार्जर गेला होता, डबा गेला होता, सपाता जागेवर होत्या. माझ्यावाचून!

"बघा, किती छान पार पडलं," सौ. चहा देत म्हणाल्या. मी कप हातात घेतला आणि सहज खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

फोन वाजला.

"मी शाळेची मुख्याध्यापिका बोलतेय. तुमच्या नातीने भर प्रार्थनेत तीन शिट्ट्या मारल्या आणि 'जो जसा असेल तसा बाहेर, विचारायचं नाही' असं ओरडली. अख्खी शाळा रस्त्यावर उभी आहे. शिक्षकांसकट! स्वयंपाकाच्या मावशी तर पातेलं घेऊन बाहेर आल्यात. यावर तुम्हाला काही बोलायचंय?"

सौ. कान देऊन उभ्या होत्या. माफी मागणं भाग होतं. ते मला कळत होतं. मी घसा साफ केला, अगदी नम्र झालो, आणि तोंडातून निघून गेलं,

"किती वेळात रिकामी झाली हो?"