‘येतो’चे इंग्रजी

माणूस सुधारला की नाही, हे त्याच्या क्रियापदावरून कळते. हे थोर सत्य तिसगावात खताच्या दुकानावरच्या खोलीत, बिभीषण सरांच्या इंग्रजी संभाषण वर्गात, रोज संध्याकाळी उपलब्ध होते (जिन्याचा कठडा धरू नये, सैल आहे).

पंखा ‘ओपन’ करणारे आणि लाईट ‘क्लोज’ करणारे विद्यार्थी सरांनी पंधरवड्यात बरे केले. टीव्ही ‘सी’ करणाऱ्यांना थोडा वेळ लागला. असाध्य ठरली ती एकच जोडी : ‘कम’ आणि ‘गो’. अर्थ सगळ्यांना पाठ होते. पण वर्ग सुटला की जो तो दारात वळून “सर, आय ॲम कमिंग” म्हणे आणि जिना उतरून घरी जाई. आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणून निघतो तो परत न येण्यासाठी. (वाचकांनी हसू नये. काल घरातून निघताना आपण काय म्हणालात, ते आठवावे.)

सरांनी याचा शास्त्रशुद्ध हिशोब मांडला. इंग्रजीप्रमाणे पाहता त्या खोलीत आजवर तीनशेच्या वर माणसे आली होती आणि एकही गेला नव्हता. खोली दहा बाय बारा. सबब रोग मराठीतच आहे, असा निष्कर्ष निघून सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात आले, की यापुढे घरीदारी, मराठीतही, निघताना ‘जातो’ असेच म्हणावे.

सुरुवातीला थोडी पडझड झाली. एक विद्यार्थी ‘जातो’ म्हणून दळण आणायला निघाला, तर बायको रडत गिरणीपर्यंत मागे गेली. सुधारणेच्या वाटेवर एवढे चालायचेच.

वर्गाचे सोने म्हणजे गोजरबाईचा एकुलता एक कल्याण. त्याला कॅनडात नोकरी लागली (गोदामातच, पण इंग्रजीत). निघायच्या दिवशी जीप दारात उभी, सर हार घेऊन हजर. कल्याण आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “जातो, आई.”

गोजरबाईने त्याचा हात सोडला नाही. “असं न्हाई म्हनत रं. येतो म्हन.”

कल्याणने सरांकडे पाहिले. सरांनी, परीक्षेत पर्यवेक्षकाने पाहावे तसे, आभाळाकडे पाहिले.

“ते चुकीचं हाय, आई,” कल्याण म्हणाला. “जातो.”

सरांचा ऊर भरून आला. जीप वळणाआड गेल्यावर गोजरबाई त्यांना म्हणाली, “लई पक्कं शिकवलं, मास्तर, तुमी.” हा अभिप्राय सरांनी तिच्या नावासकट वर्गाच्या पाटीवर रंगवून घेतला.

तेव्हापासून दर दिवाळीला कल्याणचा फोन येतो आणि तो आईला ‘येतो’ म्हणतो. यातले खरे काय धरायचे, हे विचारायला गोजरबाई जिना चढून (कठडा न धरता) सरांकडे गेली. सरांनी तपासून सांगितले, की ऐकणाऱ्याच्या दिशेने निघायचे असल्यास ‘कम’ हेच क्रियापद योग्य आहे. मुलाचे इंग्रजी निर्दोष आहे.

तो अजून आलेला नाही.