धोंडप्पाचा कोरडा विमा

सरजाबाई सकाळी पोहरा घेऊन परसात आली, तेव्हा स्वतःच्याच आडावर तिचा नंबर सहावा लागला. पुढे केरबाची घागर, संगप्पाची घागर, संगप्पाच्या धाकट्या भावाची घागर, त्याच्याही धाकट्याची कळशी आणि जिचा मालक कुठे दिसत नव्हता अशी एक कळकट बादली ओळीने बसली होती. तिने घरात डोकावून पाहिलं. नवरा पांघरूण डोक्यावर ओढून झोपेचं सोंग घेऊन पडला होता. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे तिला संसार करून करून कळलेलं होतं. म्हणून तिने तोंड आडाकडे केलं आणि गल्लीला ऐकू जाईल इतपत आवाजात बोलली.

"इमा काडला ह्यांनी, आन् बुड दिसून राहिलं माज्या आडाचं."

तिचा नवरा धोंडप्पा हा तळेवाडीचा पाणाड्या. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या या गावाच्या नावात तेवढं तळं होतं, बाकी कुठे नव्हतं. धोंडप्पा जन्मला तो पायाकडून, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं अशी समजूत असल्यामुळे त्याला वेगळा धंदा शोधावा लागला नाही. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून फिरायचा. जिथे नारळ शेंडी वर करून उठेल तिथे पाणी. नारळाखाली अंगठा असतो आणि त्या अंगठ्यालाही थोडंफार ज्ञान असतं, ही गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. जमिनीत पाणी होतं तोवर अंगठा म्हणेल तिथे पाणी लागत गेलं. पण लातूर जिल्हा झाला त्या साली पावसाने पाठ फिरवली, विहिरी आटल्या, आणि धोंडप्पाने दाखवलेल्या बोरमधून पांढरा फुफाटा उडायला लागला. लोक मुखेडकडच्या दुसऱ्या पाणाड्याचं नाव काढू लागले.

अशात त्याचा मेहुणा मन्मथ लातूरहून आला. मन्मथ विमा एजंट होता. जिल्हा झाल्यापासून तो लुनावर फिरत होता आणि "आमच्या जिल्ह्याला" असं बोलत होता, जणू जिल्ह्याची मागणी त्यानेच लावून धरली होती. येताना त्याने बहिणीसाठी निरोप आणला. सरजाबाईची लेक महानंदा पहिलटकरीण, वैशाखात बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण हिमायतनगरची तिची सासू म्हणत होती, तुमच्याकडे दुष्काळ आहे, आडाला पाणी असलं तरच पाठवते. सरजाबाईने छातीवर हात ठेवून सांगितलं की हा आड सासऱ्याने खांदला तेव्हापासून कधी आटला नाही. महानंदाला न्हायला-धुवायला पाणी आपण देऊ, काळजी नको.

मग जेवताना विम्याच्या गोष्टी निघाल्या. धोंडप्पाला एक शंका फार दिवस छळत होती.

"कोण कवा मरणार ह्ये तुमच्या कंपनीला मालूम असतं का?"

"न्हाई दाजी."

"मंग कशाच्या जोरावर हमी घेता?"

"सगळे एकदम मरत न्हाईत, ह्या जोरावर."

धोंडप्पाचा घास हातातच राहिला. म्हणजे भविष्य बरोबर यायची गरजच नाही. चुकलं तर भरपाई द्यायची आणि चुकणारे थोडे असले म्हणजे झालं. इतकी सोपी गोष्ट आपल्याला पन्नाशी उलटल्यावर कळावी याचं त्याला वाईट वाटलं. हात धुतल्याबरोबर तो पारावर गेला आणि बोरचा विमा जाहीर करून आला. धोंडप्पाने दाखवलेल्या जागी बोर घ्यायचा. आधी त्याच्या गोठ्यात एक गंज कडबा टाकायचा. पाणी लागलं तर आनंद. बोर फेल गेला तर पाऊस पडेपर्यंत रोज दोन घागरी पाणी धोंडप्पाच्या आडातून. हे सरजाबाईला शेजारणीकडून कळलं.

पहिला महिना गोडीगुलाबीत गेला. चार बोरांना पाणी लागलं, गोठा कडब्याने भरला, आणि मुखेडच्या पाणाड्याचं नाव गावाने टाकलं. मग माळावरचा केरबा आला. त्याच्या रानात सरडासुद्धा सावलीला थांबत नसे. त्याने आजवर बोरचा विचारही केला नव्हता, आता मात्र बायकोच्या भावाकडून उसनवारी करून त्याने बोरची गाडी आणली. फुफाटा उडाला तेव्हा केरबाच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता, कारण त्याची बायको घागर घेऊन केव्हाच सरजाबाईच्या परसाकडे निघाली होती.

संगप्पाने तर गाडीचाही खर्च वाचवला. त्याने पहारीने गुडघाभर खड्डा पाडला आणि बोर फेल गेल्याची वर्दी दिली. किती खोल गेला होतास, असं धोंडप्पाने विचारलं, तर मन मानेपर्यंत गेलो म्हणाला. त्या दिवसापासून बोर गाडीनेच पाडला पाहिजे असं कलम आलं. संगप्पा त्याआधीचा असल्यामुळे त्याची घागर चालू राहिली. वर, भरपाई घरटी आहे हे कळल्यावर संगप्पाच्या दोन्ही भावांनी चुली वेगळ्या केल्या. इतकी वर्षं बायकांना जे जमलं नव्हतं ते विम्याने आठवड्यात करून दाखवलं.

धोंडप्पाने लातूर गाठलं. मन्मथ म्हणाला, धोका वाढला की हप्ता वाढवायचा, आमच्यात असंच करतात. धोंडप्पाने एका गंजीच्या दोन गंजी केल्या. झालं उलटंच. ज्यांची रानं ओढ्याकाठी होती ते म्हणाले, आम्हाला तसंही पाणी लागणार, दोन गंजी कशाला? ते निघून गेले. माळावरचे मात्र दोन गंजी द्यायला हसत तयार झाले. कडबा वाढला आणि पाणी हटलं. म्हशी तेवढ्या खूश होत्या.

"आमच्यात बी अस्संच हुतं दाजी," मन्मथ पुढच्या खेपेला म्हणाला. "मंग कंपनी आपला इमा दुसऱ्या कंपनीकडं काडती."

"इम्याचा इमा?"

"हाव."

हे ऐकून धोंडप्पाला विमा कंपनीबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. तीही बिचारी आपल्यासारखीच घाबरलेली होती. तो थेट अमृतराव पाटलाकडे गेला. अमृतरावाची विहीर गावात मोठी. अर्धा कडबा तुमचा, अर्ध्या घागरी तुमच्या, असा व्यवहार ठरला आणि महादेवाच्या देवळात अमृतरावाने बेलाचं पान उचलून शब्द दिला. अर्धा कडबा पाटलाच्या वाड्यात गेला आणि पंधरवड्यात पाटलाची विहीर आटली. सरजाबाई विचारायला गेली, तर अमृतराव नम्रपणे म्हणाला, "शब्द मोडला न्हाई म्या. हिरीला पाणी आलं की अर्ध्या घागरी माज्या." कडबा परत द्यायचं मात्र त्याला सुचलं नाही.

अशा रीतीने सरजाबाईचा नंबर सहावा लागला. त्या सकाळी पोहरा वर आला तो अर्धा गाळाने भरलेला. ती चुलीपुढे येऊन बसली आणि प्रथमच भांडली नाही. म्हणाली, "महानंदाच्या सासूला काय कळवू? येऊ नको मनू पोरीला?" तिचे डोळे भरले होते. धोंडप्पाला बोलणी परवडली असती. हे त्याला सोसेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला आज पहिल्यांदा नीट कळलं.

तो पारावर गेला आणि नव्या बोरचा विमा बंद झाल्याचं सांगून आला. पण माणूस धंद्यातून उठला तरी धंदा माणसातून उठत नाही. परतताना त्याच्या डोक्यात आलं, की अलीकडे आपण जिथे जिथे पाणी आहे म्हणालो तिथे ते नव्हतं. मग आपण पाणी नाही एवढंच सांगत गेलो तर? चूक होणारच नाही. कोरड्या जागेला गिऱ्हाईकही होतं. जिल्हा झाल्यामुळे जो तो काहीतरी बांधायला निघाला होता. कुणाला खताचं गोदाम हवं होतं, कुणाला धान्याचं पेव. जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवायची तर जागा ठणठणीत कोरडी हवी, ओल लागली की सगळं कुजलं. धोंडप्पाने कोरड्या जागेचा विमा काढला आणि पहिल्या दिवसापासून त्याचा एक शब्द खोटा पडला नाही. म्हातारपणी माणसाला आपलं खरं क्षेत्र सापडावं तसं त्याला झालं.

हे ऐकून अमृतरावाने त्याला बोलावलं. गेल्या सालची ज्वारी त्याला गोठ्यामागे पेवात ठेवायची होती. पण त्याने भरपाई जबर मागितली. धोंडप्पाची रस्त्याकडेला एक पट्टी होती. तिथे हॉटेल टाकावं, लातूरच्या गाड्या थांबतील, असं पाटलाच्या मनात होतं.

"पेवाला पाणी लागलं तर पेवाची जागा तुजी, रोडची पट्टी माजी. हाव?"

"हाव," धोंडप्पा म्हणाला. पाणी लागायची भीती त्याला आता स्वप्नातही नव्हती.

चार पंचांसमोर तो नारळ घेऊन गोठ्यामागे फिरला. कमरेइतक्या भिंतीपलीकडे सरजाबाई शेणी थापत होती. कोपऱ्यात आल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. अंगठा अगदी गप्प असताना नारळ आपणहून हलला आणि शेंडी वर करू लागला. उभ्या जन्मात धोंडप्पाने असा प्रकार पाहिला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, नारळावर अंगठा ठेवून तो खाली दाबला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हितं पाणी न्हाई."

पेव दोन पुरुष खोल गेलं आणि तळाशी पहार बसली तिथून पाण्याची धार उसळली. बघता बघता कमरेइतकं पाणी झालं. धोंडप्पा पंचांना घेऊन धावतच गेला. इतक्या आनंदाने भरपाई द्यायला निघालेला विमेवाला त्या मुलखात कुणी पाहिला नसेल. पट्टी गेली तर जाऊ दे, पाण्याची जागा आपली झाली होती. महानंदाच्या सासूला काय निरोप धाडायचा तोही त्याने वाटेत जुळवून ठेवला.

"पाटील, माजं चुकलं. पट्टी घ्या, जागा द्या."

अमृतराव काठावर खाट टाकून बसला होता. "माजी काई तक्रार न्हाई," तो म्हणाला.

"आवो, पेव बुडालं की तुमचं."

"कोन्तं पेव? मी तर हीर खांदून राहिलो व्हतो."

नुकसान झालेलाच झालं नाही म्हणतो, तिथे पंच काय करणार? धोंडप्पाने हात जोडले, विनवलं, भरपाई घ्याच म्हणून गळ घातली. अमृतराव ढिम्म. गर्दीत मागे सरजाबाई उभी होती. ती डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे आली.

"पाटील, पेव असंल तर जागा द्या. हीर असंल तर अर्ध्या घागरी द्या, बेल उचलला हाय तुमी. पेव हाय का हीर हाय, ते एकडाव सांगून टाका."

अमृतरावाने आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग देवळाच्या शिखराकडे पाहिलं. पेव म्हणावं तर जागा जाते, विहीर म्हणावी तर बेल आडवा येतो.

"हीर हाय," तो शेवटी म्हणाला.

"मंग आमचं अर्धं आजवर देऊन झालंय. आता तुमचं अर्धं."

त्याच दुपारी सरजाबाईने आपला दोर, पोहरा आणि परसातली सगळी ओळ, त्या बेवारस बादलीसकट, पाटलाच्या गोठ्यामागे नेऊन बसवली. स्वतःसाठीही तिथूनच पाणी आणायला लागली. आटलेल्या आडात डोकावण्याचा तिला धीर होत नव्हता, म्हणून तिने त्याच्यावर फळी टाकली. महानंदाला पाठवा, असा निरोप तिने धाडला खरा. पण पाटलाच्या पाण्याच्या भरवशावर लेकीचं बाळंतपण करायचं, हे तिच्या मनाला डाचत होतं.

इकडे धोंडप्पाच्या दाराशी निराळीच रांग लागली. तो जिथे नाही म्हणतो तिथे पाणी लागतं, अशी बातमी पार मुखेडपर्यंत गेली होती. लोक दोन दोन गंजी घेऊन यायचे आणि म्हणायचे, आमच्या रानात येऊन तेवढं पाणी नाही म्हणा. नारळ खरंच उठला होता, हे धोंडप्पाला कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

महानंदा यायच्या आदल्या दिवशी सरजाबाईने त्याला परसात बोलावलं. आडावरची फळी बाजूला केली.

"दुनियेला सांगता. हितं बी येकडाव सांगा."

"काय?"

"पाणी न्हाई मनून."

धोंडप्पा हसला नाही. तिचा चेहराही हसण्यासारखा नव्हता. त्याने नारळ तळहातावर घेतला, काठावर उभा राहिला आणि घसा खाकरला.

"आदी त्यो अंगठा काडा," सरजाबाई म्हणाली. "पाटलाच्या गोठ्यामागं दाबला व्हता त्यो."

इतक्या वर्षांच्या संसारात आपली एक गोष्ट तरी बायकोला ठाऊक नाही, असं धोंडप्पाला वाटत आलं होतं. त्याने निमूट अंगठा काढला आणि म्हणाला, "हितं पाणी न्हाई." आधार गेलेला नारळ तळहातावरून घरंगळला, काठावर आपटला आणि आडात पडला.

खालून आवाज आला, डुबुक.

दोघं काठावर ओणवी झाली. महिनाभर कुणी पोहरा सोडला नव्हता, त्या महिनाभरात झरे आपले गुपचूप पाझरत राहिले होते. खाली काळ्या पाण्यावर नारळ शेंडी वर करून डुलत होता. सरजाबाईने पदराने डोळे पुसले, मागे वळून गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं, आणि फळी होती तशी परत आडावर सरकवली.

"आता ह्ये कुनाला सांगू नगा," ती म्हणाली.