आसमीनबींनी घोडनदीकाठी राहुट्या कोरड्या राखिल्या, ती हकीकत

ऐकणारांनी चित्त स्थिर करावे. मौजे निमोणे, घोडनदीचे काठी, ऐन हिवाळ्यात आभाळाने बेइमानी केली आणि नायलॉनच्या राहुट्यांवर बाका प्रसंग गुदरला, तो कैसा निभावला, हे जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे.

यवत मुक्कामी मेहेरबान आसमीनबी, शिवणयंत्राच्या धनीण. त्यांचे मनी आले की जुने तंबू घेऊन, फाटके सांधून, नदीकाठी छावणी थाटावी आणि लोकांस मुक्कामास बोलवावे. मग निमोण्याचे बागाईतदार संपतआबा यांनी नदीलगतचे रान दिले, आणि वरवंडच्या बायकांनी पहिलाच मुक्काम ठरविला. त्यांच्या म्होरक्या दगडाबाई. त्यांनी फोनवर फर्माविले, "मला एक रात तरी घराबाहेर निजायचं हाय. पर अंथरूण वल्लं झालं, तर माझं गुडघं धरत्याल आन् सुना हसत्याल." हे शब्द आसमीनबींचे काळजास लागले.

मुक्कामाचे आदले दिवशी दुपारी स्वारी टेम्पोतून दाखल जाहली. समागमे खाविंद अक्रमखान, आणि तंबू, गाद्या, चादरी ऐसा सरंजाम. राहुट्या उभ्या राहिल्या न राहिल्या, तोच पारनेरच्या बाजूने ढगांचे दळ चालून आले. अक्रमखानांनी मसलत दिली की बायकांस येऊ नका म्हणोन कळवावे आणि यवतेस माघारी फिरावे. आसमीनबींनी हुकूम केला की मुक्काम हलणार नाही. राहुट्यांभोवती चर खणावे, आणि गाद्या खताच्या गोणीतल्या प्लास्टिकात घालून तोंडे सुतळीने आवळावी. मग अक्रमखानांनी मोठ्या हौसेने राहुट्यांखाली भल्या थोरल्या ताडपत्र्या पसरिल्या, आणि पाऊस पडला.

चरांनी शर्थ केली. परंतु ताडपत्रीच्या कडा राहुटीबाहेर पसरल्या होत्या; त्यांवर पडले पाणी थेट तळाखाली शिरले. आसमीनबी गुडघ्यांवर बसोन कडा आत दुमडू लागल्या आणि गरजल्या, "अवो, कडा भायेर ठिवल्यात व्हय? पाण्याला आवतनच दिलंत की!" अक्रमखान दुसऱ्या बाजूच्या कडा दुमडू लागले. इतक्यात छतातूनही थेंब आला. पाहतात तो स्वहस्ते घातलेल्या टाक्यांच्या भोकांतून पाणी पाझरते! तेव्हा बाईंचे तोंड उतरले.

पाऊस थांबला आणि दुसरा गनीम प्रकट जाहला, तो दमटपणा. नदीकाठचे दव, ओले कापड. ऐशात तंबू सुकणे मुश्किल, आणि न सुकता कुबट वास ठरलेला. तेव्हा संपतआबांची कुमक आली. "माझी कांद्याची चाळ रिकामीच हाय. खालनं-वरनं वारं खेळतं. टांगा तिथं."

"आबा, पर कांद्याचा वास?"

"मग कुबट वास बरा व्हय?"

आसमीनबींनी मोर्चा चाळीकडे वळविला. राहुट्या उलट्या करून टांगिल्या, आणि वाऱ्याने रात्रभर चाकरी केली. सकाळी बाईंनी कापड गालास लाविले, सुके खडखडीत. मग मेणाने भोके बुजावी म्हणोन मेणबत्ती घेऊन एकेक टाका घासिला, तो बोटे दुखेतों.

संध्याकाळी वरवंडची फौज उतरली. दगडाबाई राहुटीत शिरल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "कांद्याचा वास येतोय गं!"

आसमीनबी लगबगीने राहुटीचे दार उघडे करू लागल्या.

"यिऊं दी," दगडाबाईच म्हणाल्या, "कांदा चिरायचा तर न्हाई ना?"

आणि आतून हशा उसळला.

जेवणे होतात तोच पाऊस फिरोन चालून आला. आसमीनबी छत्री घेऊन बाहेरच उभ्या; कधी चराकडे पाहती, कधी छताकडे, आणि आत कोणी हूं म्हटले तरी दचकती. मग राहुटीची चेन सरकली आणि एक हात बाहेर आला. दगडाबाई म्हणाल्या, "ए पोरी, भिजतीस कशाला? आत ये. हितं समदं कोरडं हाय."

बाई आत गेल्या आणि दगडाबाईंनी आपली अर्धी गादी त्यांस दिली.

येणेप्रमाणे पाऊस आणि दमटपणा, उभय गनीम जेर होऊन निमोण्याची छावणी फत्ते पावली. या मोहिमेत ताडपत्रीच्या कडा दुमडताना चिखलात भिजलेले अक्रमखानांचे मोजे तेवढे कामी आले. बाकी सरंजाम सुका, माणसे सलामत, आणि दगडाबाई ऊन वर येईतों उठल्या नाहीत.