मूळ इमारतीत आढळलेल्या चुका

माणसाला अन्न लागतं, वस्त्र लागतं, डोक्यावर छप्पर लागतं. आणि ही तिन्ही मिळाली की पाठीवर थाप मारायला कोणीतरी लागतं. पहिल्या तीन गोष्टींची व्यवस्था सरकार, बाजार आणि वडील मिळून कशीबशी करतात. चौथीची व्यवस्था आमचं मंडळ करतं.

मंडळाचं पूर्ण नाव 'प्रौढ ठोकळा-रचनाकार परस्पर कौतुक मंडळ'. मुलं खेळतात तेच प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे, एकावर एक दाबून बसवायचे. फरक इतकाच की मुलं खेळतात आणि आम्ही रचना करतो. (मुलं खेळून झाल्यावर मोडूनही टाकतात. आमच्यात तसं केल्यास सदस्यत्व जातं.) एकूण सदस्य एकतीस. सरासरी वय चोपन्न. विवाहित सव्वीस, पैकी मंडळात नक्की काय चालतं हे घरी सांगितलेले नऊ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. ज्याची रचना तयार असेल त्याने ती टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवायची आणि बाकीच्यांनी तिचं कौतुक करायचं.

मी या मंडळाचा कौतुक-चिटणीस. कोणी कोणाचं, किती आणि कोणत्या शब्दांत कौतुक केलं याची वही माझ्याकडे असते. हे येरागबाळ्याचं काम नाही. पूर्वी लोक तोंडाला येईल तसं कौतुक करत. एकदा आमच्या दंतवैद्यांच्या रेल्वे इंजिनाला सतरा जणांनी 'अप्रतिम' म्हटलं आणि लगेच नंतर शिक्षिकाबाईंच्या विहिरीला नुसतं 'छान आहे हो'. बाई चार महिने फिरकल्या नाहीत. तेव्हापासून 'छान', 'सुरेख', 'अप्रतिम' आणि 'शब्दच नाहीत' अशा चार पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. ('शब्दच नाहीत' म्हटल्यावर आणखी बोलल्यास ते 'अप्रतिम' धरलं जातं.) टीका करायची असल्यास 'पुढच्या वेळी' या शब्दांनी सुरुवात करावी, आणि पुढच्या वेळी करावी. नियम चार असा आहे की रचना टेबलावर असताना रचनाकाराने बोलू नये, रचनेला बोलू द्यावं.

गेल्या वर्षी आमच्यात नळवाला आला. त्या भागातल्या सगळ्या इमारतींचे नळ तोच दुरुस्त करतो. अंगाने आडदांड, आणि बोटं अशी जाड की लहान ठोकळा त्यात धरलेला दिसतही नाही. असा माणूस ठोकळ्यांच्या वाटेला का गेला याचं कारण आमच्या हॉलच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होतं. त्याची थोरली बहीण, जिला सगळी इमारत ताई म्हणते, तिथे एका भाड्याच्या खोलीत शिलाईकाम करते. तिच्या छतावर, गच्चीत, इमारतीची पाण्याची टाकी आहे. पाच हजार लिटरची, चार लोखंडी पायांच्या चौकटीवर. त्यातला एक पाय गंजून खलास झाला होता आणि टाकी कलली होती, आणि ज्या अंगाला कलली होती त्या अंगाखाली ताईंचं मशीन होतं. (हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे सांगितलेलं होतं, पण माहीत नव्हतं.)

नळवाल्याने आधी रीतसर मार्ग धरला. आमच्या मंडळाचे अध्यक्ष हेच त्या इमारतीच्या समितीचेही अध्यक्ष आहेत. माणूस एकच, टोप्या दोन. पहिला अर्ज अर्जदार इमारतीत राहत नसल्याने परत आला. दुसरा ताईंच्या नावाने केला. तो अर्जदार भाडेकरू असल्याने परत आला. अर्ज खोलीच्या मालकाने करायला हवा होता, आणि मालक सात वर्षांपासून पत्राला उत्तर देत नाही. तिसरा दोघांच्या सह्यांचा, पाच पानी, टाकीच्या आकृतीसह. तो अध्यक्षांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले,

"अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही."

"साहेब, अक्षर राहू द्या. एकदा वर येऊन टाकी बघा ना."

"वर?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, बघायचं काम मी महिन्यातून एकदा करतो, आणि ते टेबलावर ठेवलेलं असेल तरच."

त्यांनी हे थट्टेने म्हटलं होतं. नळवाल्याने ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मंडळात नाव नोंदवलं.

त्याची पहिली रचना अकराशे चाळीस ठोकळ्यांची होती. तीच इमारत, तीच गच्ची, कललेली टाकी, गंजलेला पाय, आणि बरोब्बर त्याखाली मशीनवर बसलेली एक बाई. माझ्या वहीत त्या दिवशी 'सुरेख' चौदा आणि 'अप्रतिम' अकरा अशी नोंद आहे. पहिल्याच रचनेला इतकं याआधी कोणालाच मिळालं नव्हतं. "गंजाचा रंग काय पकडलाय!" असं रंगाच्या दुकानाचे मालक म्हणाले. दंतवैद्य टेबलाला दोन फेऱ्या मारून म्हणाले, "वर ही टाकी, खाली ती बाई आपली शांतपणे शिवतेय. काय विरोध साधलाय!" नळवाल्याने बोलायला हात वर केला. अध्यक्षांनी तो हळूच धरून खाली आणला.

"तुम्ही बोलू नका. पोहोचलंय आम्हाला सगळं."

पुढच्या महिन्यात त्याने टाकी आणखी कलवली आणि आतली बाई नीट दिसावी म्हणून समोरची भिंतच काढली. 'अप्रतिम' एकोणीस. ही मालिका आहे का, अशी विचारणाही झाली. तिसऱ्या महिन्यात त्याने पायाला दोरा बांधून आणला. सगळे जमल्यावर दोरा ओढला. पाय निखळला, टाकी छत फोडून खाली आली आणि बाई, मशीन, खुर्ची सगळं चेपलं. मग सगळे उभे राहिले. 'शब्दच नाहीत' तीस. (मंडळाच्या इतिहासात प्रथमच. त्यात एक माझं.) शिक्षिकाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

नळवाल्याने नियम चार मोडला. "अहो, ती माझी बहीण आहे!" तो ओरडला.

अध्यक्षांनी त्याला मिठी मारली. "म्हणूनच तर इतकं आतून आलंय," ते म्हणाले.

त्या दिवशी तो वर गेला तेव्हा काय झालं ते मला ताईंनी नंतर सांगितलं. मशीन त्यांनी केव्हाच खिडकीपासून दाराशी ओढलं होतं. तिथे उजेड नाही, त्यामुळे प्रत्येक शिवण सरळ आली आहे की नाही हे बघायला खिडकीशी जावं लागे, म्हणजे पुन्हा टाकीखाली. दिवसातून साठ-सत्तर वेळा. भाऊ डोकं धरून बसलेला बघून त्या वैतागल्या.

"अरे, तू त्यांना रडवतोस आणि ते खूश होऊन घरी जातात. तुटकं दाखवून काय पदरात पडलं? आता नीट झालेलं करून दाखव. निदान बघायला तरी बरं वाटेल."

चौथ्या महिन्यात त्याने नीट झालेलं करून आणलं. इमारत तीच, टाकी सरळ, चारही पाय धडधाकट. करड्या रंगाचे ठोकळे संपल्यामुळे नवा पाय पिवळा केला होता. खिडकीही एक कमी पडली, म्हणून दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला सपाट भिंतच घातली. एक लाल फूल आणि कुंडी शिल्लक उरली होती, ती ताईंच्या खिडकीत लावून टाकली. तो वार्षिक स्पर्धेचा महिना होता. रचनेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी अभिप्रायात लिहिलं की रचनाकार आता दुःखातून बाहेर आला आहे.

बक्षीसपात्र रचना नियम नऊप्रमाणे काचेच्या कपाटात ठेवून कपाटाला सील लागतं. त्यानंतर तिच्यातला एक ठोकळाही कोणी, स्वतः रचनाकारानेसुद्धा, हलवायचा नाही. मग आठ दिवसांत मोजणीकाका तिला जुळणीचा दाखला देतात. मोजणीकाका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, तिच्या समितीवर आहेत आणि झोपेतसुद्धा टेप जवळ बाळगतात असं काकू सांगतात. रचना मुळाबरहुकूम आहे की नाही हे पाहण्यासाठी ते टेप आणि ओळंबा घेऊन गच्चीत गेले. इमारतीच्या समितीवरचा माणूस गच्चीत जाण्याची ही अकरा वर्षांतली पहिली वेळ.

खाली आले ते घामाघूम.

"घोटाळा आहे," ते म्हणाले.

"रचनेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"छे! रचना चोख आहे. मूळ इमारतीत."

त्यांच्या अहवालाचं शीर्षक 'मूळ इमारतीत आढळलेल्या चुका' असं होतं. त्यात नमूद केलं होतं की बक्षीसपात्र रचनेत टाकी सरळ उभी असताना मूळ टाकी नऊ अंशांनी झुकलेली आहे. रचनेत जो पाय अखंड व पिवळा आहे तो मूळ जागी तपकिरी असून बव्हंशी अनुपस्थित आहे. चौथ्या मजल्याच्या खिडकीत कुंडी ठेवण्याचं राहून गेलं आहे. आणि दुसऱ्या मजल्यावर मागील बाजूस एक खिडकी विनाकारण बसवलेली आहे.

तातडीची सभा भरली. अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. बारा दिवसांनी प्रदर्शन, दोन बाहेरगावची मंडळं पाहुणी म्हणून येणार, आणि कपाटातली इमारत बघून बाहेर पडल्यावर मान वर केली की संपलं. नियम अकरा म्हणतो की रचना व मूळ वस्तू यांत तफावत आढळल्यास ती दूर करण्यात यावी. दोघांपैकी कोणाला हात लावायचा ते नियम सांगत नाही. पण रचना तर सीलबंद. उरली मूळ वस्तू. विचार इतका सरळ होता की कोणाला हरकत घ्यायला जागाच उरली नाही. शिक्षिकाबाईंनी तेवढं विचारलं, "म्हणजे टाकी खरंच पडायला झाली होती का हो?"

"तो विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही," अध्यक्ष म्हणाले.

तीन अर्ज चौदा महिने फिरत होते. हे काम चार दिवसांत झालं. 'सोबतच्या रचनेनुसार करावे' असा लेखी आदेश नळवाल्यालाच मिळाला. टाकी रिकामी केली, वेल्डिंगवाला आला, जुना पाय कापून नवा जोडला. त्याला ठोकळ्याचाच पिवळा लागावा म्हणून रंगाच्या दुकानाचे मालक खिशात एक ठोकळा घेऊन पाच वेळा वर-खाली करत होते. तीच गच्ची, जी त्यांना आधी कधी सापडली नव्हती. ताईंना कुंडी मिळाली, सोबत पत्र: कुंडीत कायम एकच लाल फूल असावे. फूल गळल्यावर काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी अर्ज करायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेल्या आणि उरलेल्या कापडाचं एक फूल शिवून काडीला बांधलं.

दुसऱ्या मजल्यावरची ती विनाकारण खिडकी खुद्द मोजणीकाकांच्या स्वयंपाकघराची निघाली. त्यांनी कागदावर स्वतः सही केली आणि गवंड्याकडून ती बुजवून घेतली. काकू आता भर दुपारी दिवा लावून भाजी चिरतात आणि त्यांच्याशी बोलत नाहीत. काका म्हणतात, जुळणी शंभर टक्के आली.

काम झाल्यावर मी वर गेलो. (वर चला म्हटलं की गुडघे दुखतात, हे चौदा महिने मी सांगत आलो होतो. जिने फक्त चार आहेत.) कापलेला जुना पाय कोपऱ्यात पडला होता. नळवाला म्हणाला, दाबून बघा. मी दाबला आणि माझा अंगठा लोखंडातून आरपार गेला. मला लाज वाटली. ती कोणत्या पायरीत लिहायची ते वहीत दिलेलं नाही, म्हणून इथे लिहिली.

"राग आला असेल ना आमचा?" मी विचारलं.

"रागवून काय करू?" तो हात पुसत म्हणाला. "ताईचं मशीन पुन्हा खिडकीशी गेलं. झालं."

प्रदर्शन उत्तम पार पडलं. पाहुण्यांनी आधी कपाट पाहिलं, मग इमारत पाहिली आणि इमारतीला 'अप्रतिम' दिलं. बातमी पसरली. आता आसपासच्या इमारतींतले लोक अर्ज लिहायच्या भानगडीत पडत नाहीत, थेट नळवाल्याकडे येतात. कोणाला न खचलेला जिना करून हवा असतो, कोणाला न तुंबणारं गटार. सहा जणांना चालू लिफ्ट हवी आहे. तो सगळ्यांना सांगतो, रांगेत नाव लावा, ठोकळे कमी पडतात. रांगेची नोंद अर्थातच मी ठेवतो.

ही हकीकत मी गेल्या सभेत वाचून दाखवली. 'भाषा ओघवती आहे' असं नऊ जण म्हणाले, 'कंस मार्मिक आहेत' असं सहा. गच्चीत कोणी गेलं नाही. आपणही इथवर आलात, आवडलं असावं, आभार. आपलं कौतुक जरूर कळवा, मी नोंदवून घेईन. एवढंच सांगायचं राहिलं की आत्ता आपण ज्या छताखाली बसून हे वाचत आहात, त्याची रचना अजून कोणी केल्याची नोंद माझ्या वहीत नाही.